निशाणी बांगडी

आमच्या गावच्या घरी परसात जात्याची एक तळी पडलेली आहे. वरची. खालची कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. मधलं तोंड झिजून वाटीएवढं झालंय, आणि सध्या तिच्यावर पाण्याची घागर असते. लहानपणापासून ऐकत आले, "ही तळी थोरल्या आईनं डोक्यावरनं आणली." थोरली आई म्हणजे माझी खापरपणजी. तिच्याबद्दल घरात सांगायला एवढंच होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्याला सहज विचारलं, तिचं नाव काय होतं गं? आत्या चौऱ्याऐंशीची, तिला तिच्या आजोबांनी सांगितलेलं सगळं पाठ. ती म्हणाली, "थोरली आईच की. नाव कोण घेतंय बाईमाणसाचं."

तिथून सुरुवात झाली. पुढं सव्वा वर्ष, बारा-तेरा फेऱ्या आणि चौदा हजारांच्या आसपास खर्च. त्यातल्या निम्म्या फेऱ्या मला काय मागायचं ते माहीत नव्हतं म्हणून वाया गेल्या. तुमच्या तरी जाऊ नयेत म्हणून लिहितेय. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावाचं आणि माणसांचं नाव लिहिणार नाही. कारण पुढं येईलच.

आधी घरातली पत्र्याची ट्रंक उघडली. शेतसाऱ्याच्या पावत्या, आजोबांचं जीवन शिक्षणाचं प्रमाणपत्र, सोसायटीचं पासबुक, आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक स्टॅम्पपेपर. वर राणीचं तोंड, खाली मोडी. एक अक्षर लागेना. फोटो काढला आणि कागद होता तसा गुंडाळून ठेवला. इथंच माझी पहिली चूक झाली. उत्तर त्या कागदात होतं आणि मी गावभर हिंडत बसले.

मार्चमध्ये गावच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक बाईंना लेखी अर्ज दिला, त्यांनी कपाटातून जुनं प्रवेश-निर्गम रजिस्टर काढून दिलं. पैसे लागले नाहीत. पणजोबांची नोंद मिळाली, पण जन्मतारखेवर विसंबू नका. आमच्याकडं एका पानावर सातजण १ जूनला जन्मलेले आहेत. गुरुजींनी पोराची उंची बघून साल ठरवायचं आणि तारीख टाकायची १ जून, अशी रीत.

मग तलाठी. सातबारावरून मागंमागं फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, काढत जाता येतं, पण किती? मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला, त्याआधीचा फेरफार नसतोच. हे न कळल्यामुळं मी "१८९०चा फेरफार द्या" म्हणून दोन चकरा मारल्या. तलाठी भाऊसाहेबही तरुण, त्यांनाही वाटलं कुठंतरी असेल. आमचा सगळ्यात जुना फेरफार निघाला १९१४चा, त्यात खापरपणजोबा "मयत". म्हणजे माणूस सापडला तो मेलेलाच. इथं एक गोष्ट मात्र करून घ्या. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या तुमच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता, त्याचा उतारा काढून घ्या. जुन्या कागदांना गट नंबर कळत नाही.

एप्रिल ते जुलै तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेले. खरी परीक्षा इथं. २०२३च्या अखेरीपासून कुणबी नोंदी शोधायला राज्यभर मोडी दप्तरं बाहेर निघाली, त्यामुळं एक बरं झालं आणि एक वाईट. बरं हे की, वर्षानुवर्षं बासनात बांधलेले कागद झटकले गेले, कितीतरी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानं स्कॅन होऊन चढली. आधी तिथं बघा, फेरी वाचेल. वाईट हे की खिडकीशी जत्रा. मी म्हणायची, "मला दाखला नको, नाव हवंय." समोरचे लिपिक चष्म्यावरून बघायचे. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "नुसतं नाव? कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

मागायचं काय ते नीट सांगते: "गाव नमुना १४, जन्म-मृत्यू नोंद." कक्षातल्या जुन्या माणसांना "कोतवाल बुक" म्हटलं की चटकन कळतं. नकलेच्या साध्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्जात गावाचं जुनं नाव आणि पूर्वीचा तालुका दोन्ही लिहा. तालुक्यांच्या हद्दी बदलल्यात आणि दप्तर जुन्याच ठिकाणी राहिलेलं असतं. आमचं तसंच झालं. पहिल्या कार्यालयात दीड महिना "शोध सुरू आहे", आणि पुस्तक होतं पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात. पोचही घेतली नव्हती मी पहिल्यांदा, त्यामुळं विचारायला गेल्यावर अर्जच सापडेना. पोच घ्या. तोंडाला फडकं बांधा, कसरीनं खाल्लेल्या कागदाचा भुगा दोन दिवस नाकातनं जात नाही.

१९ जुलैला पुस्तक समोर आलं. १८८४पासूनचं. त्याआधीची पानं उंदरांनी नेली होती.

मोडी येत नव्हतं, तरी तासभर नुसतं बघत बसले. कुलकर्ण्याचं एकच वळणदार अक्षर, बोरूचं. सोबतच्या मोडीवाचकांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पाटलाच्या घरचा मुलगा, खाली सुताराची मुलगी, खाली महारवाड्यातला मुलगा, खाली परटाचं जुळं. गावात ज्यांचे पाणवठे वेगळे, त्यांच्या ओळी एकाखाली एक, एकाच शाईत. रोगाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "ताप". कुणाला काहीही होवो, ताप. मग मधेच एका उन्हाळ्यात "पटकी" (कॉलरा), खाली "पटकी", खाली "पटकी", पान उलटलं तरी तेच. वाचक पुढं वाचायचे थांबले आणि नुसते ओळी मोजायला लागले.

आमच्या घराच्या सात जन्मनोंदी मिळाल्या. पणजोबांची १८८४ची, पहिल्याच पुस्तकात. सातही ठिकाणी लिहिलंय, अमुक बिन अमुक यास मुलगा, अमुक बिन अमुक यास मुलगी. बापाला मुलगी झाली, बापाला मुलगा झाला. आईचा रकानाच नाही! सात वेळा बाळंत झालेली बाई सात ओळींत कुठंच नाही. मोडीवाचकांना पानाला तीनशे रुपये देत होते, आणि त्या दिवशी खरंच वाटलं की घरी जावं.

उरलेली मृत्यूची पानं नक्कल करून आणली आणि ठरवलं, आपणच मोडी शिकायची. पुण्यात पुरालेखागाराचे वर्ग असतात, भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात. मला रविवारची वेळ हवी होती म्हणून मी एक खासगी वर्ग धरला, हजार रुपये, दहा रविवार. मोडी शिकायला सोपी, वाचायला अवघड. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि अक्षरं तिला टांगत जायची, त्यामुळं शब्द कुठं संपला ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आधी आकडे पाठ करा. आकडे आले की तारखा लागतात, तारखा लागल्या की निम्मं पान उलगडतं. साल फसली असेल तर ५९० मिळवा, शक असेल तर ७८. आणि तीन शब्द डोक्यात पक्के बसवा: "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, "मौजे" म्हणजे गाव. आडनावं फारशी लिहीत नसत, त्यामुळं बिन आणि कोम हेच दोर.

शिकता शिकता त्या काळाचं थोडं वाचलंही. सातारा जिल्ह्याचं १८८५चं गॅझेटियर इंग्रजीत आहे, पण नेटवर फुकट मिळतं. १८७६ ते ७८चा दुष्काळ, म्हसवडच्या तलावासारखी दुष्काळी कामं, बलुत्याचं धान्य खळ्यावर कसं वाटलं जायचं, हे माहीत असलं की रजिस्टरमधली कोरडी ओळ कोरडी राहत नाही. त्याआधी आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात १८७५च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, जाळली होती. त्यावर सरकारनं १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. कुणब्यानं सावकाराला लिहून दिलेला कागद गावच्या रजिस्ट्रारासमोर व्हायचा, म्हणजे अडाण्याकडून कोऱ्यावर सही घ्यायला नको.

हे वाचलं आणि ट्रंकेतला राणीचा कागद आठवला.

दिवाळीच्या सुट्टीत, ३ नोव्हेंबर २०२४ला, फोनवर फोटो मोठा करून बसले. चार ओळींना चार तास लागले. १८९८चं खत. पंचवीस रुपये, बैल आणि बियाण्यासाठी, दोन वर्षांच्या बोलीनं. गहाण काय, तर सर्व्हे नंबर. मी उठून तलाठ्याकडचा उतारा काढला. आमचाच, ओढ्याकाठचा, ज्यात आज चुलत्यांचं डाळिंब आहे. लिहून देणारा चौदा वर्षांचा पोर, माझे पणजोबा. अज्ञान, म्हणजे कायद्यानं सज्ञान न झालेला, म्हणून त्याच्या वतीनं "पालनकर्ती आई". पुढं नाव. पुढं कोम. पुढं खापरपणजोबांचं नाव.

आणि सहीच्या जागी एक वर्तुळ. लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. शेजारी लिहिणाऱ्यानं खुलासा केलाय, "निशाणी बांगडी". वर्तुळ काही गोल नाही. सुरुवात जाड, डाव्या अंगाला बोरू अडखळलाय, शाईचा ठिपका पडलाय, आणि शेवटाला टोकं जुळलेली नाहीत, तांदळाएवढी फट राहिलीय. रजिस्ट्राराच्या पुढ्यात, गावातल्या चार बाप्यांच्या देखत, डोक्यावर पदर घेऊन ती वाकली असणार. आयुष्यात पहिल्यांदाच हातात बोरू घेतला असणार.

आत्याला फोन केला, नाव सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "असं होय."

नाव हातात आल्यावर मृत्यूच्या नकला पुन्हा काढल्या. आता वाचता येत होतं. १८९७च्या एकाच पंधरवड्यात खापरपणजोबा आणि त्यांचा थोरला मुलगा, दोघंही पटकीनं. म्हणून १८९८ला कागदावर ती. ती स्वतः १९०२ला गेली, "पिलेग", वय ४५. त्या साथीत गाव उठून माळावर खोपटी घालून राहिलं होतं, हे आत्याकडून ऐकलेलं होतं.

पण हिशोब जमेना. थोरला मुलगा १८९७ला गेला तेव्हा वय ३० लिहिलंय, म्हणजे जन्म १८६७चा. आई १९०२ला ४५ची, म्हणजे तिचा जन्म १८५७चा. दहा वर्षांच्या पोरीला मुलगा? वयं अंदाजानंच सांगायचे लोक, पण अंदाजालाही काही मर्यादा. महिनाभर मला वाटत राहिलं की मीच आकडा चुकीचा वाचलाय. क्लासच्या सरांना दाखवला. त्यांनी ४५च वाचला.

उत्तर दिलं हेळव्यानं. आमच्या भागात सुगी झाली की हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, गळ्यात घंटा घातलेला बैल. वंशावळीच्या वह्या त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या. आमचे हेळवी चार वर्षांत फिरकले नव्हते. वहिनींच्या माहेरून त्यांच्या मुलाचा मोबाईल नंबर मिळाला आणि १२ जानेवारी २०२५ला ते आले, मोटारसायकलवर, वह्या लाल फडक्यात.

हेळवी वाचायला बसत नाहीत, ते उभ्यानं, मोठ्यानं म्हणतात. सकाळचे सात, दार सताड उघडं, शेजारच्या बाया भांडी घासायचं सोडून कट्ट्यावर येऊन बसलेल्या. मूळ पुरुषापासून सुरुवात झाली. कुणी कुठून येऊन पांढरी वसवली, कुणाची सोयरीक कुठं. अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, फेटा बांधून खुर्चीत ताठ बसलेले. हेळवी खापरपणजोबांपाशी आले आणि खड्या आवाजात म्हणाले, "त्यांस बायका दोन. थोरली लग्नाची, दुष्काळात वारली. धाकटी पाटाची."

अण्णांना जोरात खोकला आला. "पुढं घ्या, पुढं घ्या."

हेळव्यांनी मान वर केली. "पुढंच घेतुया की आण्णा. तुमी सगळी त्या पाटाचीच."

कट्ट्यावरच्या बाया हसल्या. अण्णा आत निघून गेले.

पाट म्हणजे विधवेचा पुनर्विवाह. शेतकरी जातींत तो सर्रास व्हायचा. वरात नाही, वाजंत्री नाही. रात्री, अंधारात, मोजक्या माणसांत उरकायचा, आणि उजाडेपर्यंत तिचं तोंड कुणी बघायचं नाही. पहिल्या नवऱ्याची मुलं त्याच्याच घरी राहायची. पुढं प्रतिष्ठा वाढली तशी घराघरांतून पाटाची गोष्ट गाळली गेली, आमच्याही. नाव विसरलं गेलं की विसरू दिलं गेलं, ते मला सांगता येणार नाही. पण थोरला मुलगा पहिलीचा, बाकी सगळे हिचे, एवढा हिशोब तिथल्या तिथं जुळला. आणि ती तळी. नवी नवरी कशाला डोक्यावर दगड घेऊन येईल? मला वाटतं, दुष्काळात एका घरून उठून रात्रीतून दुसऱ्या घरी येताना जे स्वतःचं म्हणून उचलता आलं, ते तिनं उचललं. याला पुरावा नाही. जोडी दोन माणसांनाही जड जाते, म्हणून एकच तळी आणली असेल.

हेळव्यांना दीड हजार रुपये, दोन पायली ज्वारी आणि त्यांच्या घरच्या बाईला लुगडं दिलं. किती द्यायचं हे आधी घरात ठरवून ठेवा, दारात घासाघीस बरी दिसत नाही. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. मी विचारलं, ते हो म्हणाले. फक्त वहीच्या पानाचा फोटो काढू दिला नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांची शेती आहे ती.

संध्याकाळी अण्णा जेवताना बोलले, "हे कुठं लिहिणार असशील तर गावाचं नाव घालू नकोस. पोरांच्या सोयरिकी व्हायच्यात अजून." मी वाद घातला नाही. वाटला होता घालावासा. पण घर त्यांचंही आहे. आत्यानं मात्र पलीकडून सुनावलं, "पाटाची तर पाटाची. पटकीत घरातली दोन बापे गेल्यावर शेत कुणी राखलं? तुझ्या फेट्यानं?"

मार्चमध्ये नाशिकलाही जाऊन आले. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात, तेव्हा मूळ गाव नक्की करून जा. तिथं बायकांची नावंही लिहिलेली असतात असं ऐकलं होतं, आणि असतात. पण आमच्या घरचा फक्त एक लेख निघाला, खापरपणजोबांच्या भावाचा, नांगराची निशाणी. त्यात त्याच्या आईचं, बायकोचं नाव आहे. हिचं असायचं कारण नाही. जाण्यायेण्याचे आणि दक्षिणेचे मिळून अडीच हजार गेले. नाशिकची फेरी आधी केली असती तर मी तिथूनच निराश होऊन परतले असते, म्हणून ती शेवटी ठेवा असं सांगेन.

स्टॅम्पपेपर लॅमिनेट करू नका. मी करणार होते, सरांनी ओरडून थांबवलं. सुती कापडात, सपाट, कोरड्या जागी ठेवलाय. तळी धुऊन आत आणली, आता ती सोप्यात आहे. घागरीला वहिनींनी फरशीचा तुकडा दिलाय.

हेळवी निघताना मी विचारलं होतं, तिचं आधीचं घर कोणतं? तिथं तिचं एखादं मूल राहिलं होतं का? त्यांनी वही चाळली, बोट थांबवलं, एका गावाचं नाव सांगितलं. आमच्यापासून जेमतेम अठरा किलोमीटर. "त्ये घर माज्याकडं न्हाई. त्ये आमच्या भावकीतल्या दुसऱ्याकडं हाय. विचारून सांगतो."

मे महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. दुसरे हेळवी सध्या कर्नाटकात, गावी आहेत. सुगी झाल्यावर उतरतील. त्यांचा नंबर मी लिहून घेतलाय, अण्णांना अजून सांगितलेलं नाही.